पुंडलिकरावांच्या दाताखालची सरकी

बाभुळगावच्या बाबुलाल शेटजींच्या जिनिंग कारखान्यात कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, शिरली, की बैल सोडायच्या आधी लोक पुंडलिकरावांच्या तोंडाकडे पाहत. पुंडलिकराव तिथले पारखी. ते कोपरापर्यंत हात बंडीत खुपसत, पोटातला कापूस मूठभर बाहेर काढत, उन्हात धरून त्याचा रंग पाहत, बोटांनी धागा ओढून पाहत. शेवटी रुईतून एक सरकी सोलून ती उजव्या दाढेखाली धरत. कट् असा आवाज झाला म्हणजे माल कोरडा. सरकी मुकाट्यानं चेपली म्हणजे माल ओला. कोरड्याला पुरा भाव, ओल्याला कपात. मग कोणी कितीही शपथा घेतल्या तरी पुंडलिकरावांचा शब्द फिरत नसे.

ती वर्षंच मोठी कठीण होती. सरकारी खरेदी आज सुरू तर उद्या बंद. सकाळचा भाव दुपारी राहील याची खात्री नाही. वर्तमानपत्र उघडायला हात धजत नसे. अशा दिवसांत 'ओला' या एका शब्दानं कोणाच्या घरची चूल विझेल, याचा नेम नव्हता. म्हणून तो शब्द खरा असावा एवढीच लोकांची मागणी होती. "पुंडलिकराव शेटजीच्या बाजूनं बोलत नाहीत अन् आपल्याही नाही, ते दाताच्या बाजूनं बोलतात," असं लोक म्हणायचे. गळ्यात तुळशीची माळ, तंबाखू-सुपारीचा खर्रा नाही, बिडी नाही, चहासुद्धा गुळाचा. ज्या आवाराच्या भिंती खर्र्याच्या पिचकाऱ्यांनी कमरेपर्यंत लाल झाल्या होत्या, तिथे या एका माणसाचं तोंड स्वच्छ, असं सगळे धरून चालले होते. त्यांची बायको मैनाबाईसुद्धा.

मैनाबाईंना त्या कट् आवाजाचं मोठं कौतुक. सासरेही पारखीच होते. मैनाबाई नव्यानं लग्न होऊन आल्या तेव्हा बापलेक संध्याकाळी ओसरीवर बसून सरकी चावायचे आणि कुठल्या शिवारातला कापूस ते ओळखायची पैज लावायचे. मैनाबाई आत भाकरी थापता थापता तो आवाज ऐकायच्या. कोणाची दाढ वाजली, सासऱ्याची की नवऱ्याची, हेही त्यांना चुलीजवळून कळायचं.

त्या साली दसऱ्याच्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं, की पुंडलिकराव भाकरीचा पापुद्रा काढून ठेवतात आणि उरलेली भाकरी वरणात पार गाळ होईपर्यंत चुरतात. लोणच्याची फोड नुसती चोखून ताटाच्या कडेला. भाजलेले हरभरे त्यांच्या जिवाचे, तेही खिशातून तसेच परत येऊ लागले. उशीच्या अभ्र्यावर सकाळी फिकट तांबडा डाग दिसे.

"अवो, हे काय जी?" मैनाबाईंनी अभ्रा पुढं धरला.

"उष्णता आहे. तू त्याले कायले एवढं घेऊन बसली?"

मैनाबाईंनी सब्जा भिजवला, गुलकंद आणला. डाग काही गेला नाही, पण पुंडलिकराव चिडतात म्हणून त्यांनी विचारणं सोडलं. घरात वरण जास्त शिजू लागलं, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट त्यांना हळदीकुंकवात कळली, आणि ती अशी कळली की वाण हातातच राहिलं. गल्लीतल्या एका बाईनं सगळ्यांदेखत विचारलं, "मैनाबाई, नव्या बांगड्या कवा भरता? भाऊजी तर रोज पाहून ठेवून राह्यले!"

बायका खुदकन हसल्या. जिनिंगवरून घरी येताना वाटेत सोनीबाईचं बांगड्यांचं दुकान लागायचं. सोनीबाई विधवा, बोलायला मोकळी, हसायला त्याहून मोकळी. आणि पुंडलिकराव रोज संध्याकाळी तिच्या दुकानासमोरच्या खांबाला टेकून बराच वेळ उभे राहतात, हे म्हणे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मैनाबाईंना.

त्या दिवशी देवापुढं दिवा लावताना त्या तेल घालायचंच विसरल्या. पण मनात गाठ मारून बसणं हा त्यांचा स्वभाव नव्हे. दुसऱ्या दिवशी जिनिंग सुटायच्या आधीच त्या सोनीबाईच्या दुकानात जाऊन बसल्या.

सोनीबाईनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि काय ते ओळखलं. "बसा बाई. तुमच्या कानावर आलं वाटते. अवं माय, थे माह्याकडं पायतच नाहीत! डोये मिटून उभे रायतात अन् पोटरी दाबतात. एक डाव मीच पाणी देलं, तर मलेच म्हनतात, 'घरी सांगू नको.' आता सांगा, मी कोनाले सांगू?"

एवढ्यात पुंडलिकराव आलेच. खांबाशी थांबले, वाकून पोटरीला हात घातला, वर पाहिलं तो समोर बायको.

"तू इथं काहून?"

"बांगड्या पाहून राह्यली. तुम्ही काय पाहून राह्यले?"

पुंडलिकराव वाकून पोटरी दाबत राहिले. थोड्या वेळानं पोटरी सुटली, तसे चालू लागले. मैनाबाई मागं. मारुतीच्या पाराजवळ पुन्हा थांबले. मग मात्र त्यांनी सांगून टाकलं. थोडं चाललं की पोटरीत गोळा येतो, कोणी दोरीनं आवळल्यासारखी. उभं राहिलं की जातो, चाललं की येतो. "थकवा आहे. हंगाम सरला की जाईन."

मैनाबाईंनी दृष्ट काढली, कळंबच्या चिंतामणीला नारळ बोलल्या, आणि तिसऱ्या दिवशी नवऱ्याला यष्टीत बसवून यवतमाळला घेऊन गेल्या. देवाचं देवाला आणि डॉक्टरचं डॉक्टरला, असं त्यांचं साधं गणित होतं.

डॉक्टर चंद्रशेखर वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी पुंडलिकरावांच्या पावलावर दोन बोटं ठेवली आणि कितीतरी वेळ नाडी शोधत राहिले. मग रक्तदाबाचा पट्टा दंडाला बांधला तो घोट्यालाही बांधला. सोनोग्राफी झाली. पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आतून चिंचोळ्या झाल्या होत्या. चालताना पोटरीला पुरेसं रक्त पोचत नव्हतं.

"खर्रा किती?"

पुंडलिकरावांचा चेहरा उतरला. "साहेब, माळ आहे गळ्यात."

"माळ दिसते, काका. बिडी?"

"नाही जी. कशाचंच नाही."

"बरं. तोंड उघडा."

तोंड उघडलं आणि डॉक्टर नकळत अर्धं पाऊल मागं सरले. ते मैनाबाईंनी पाहिलं आणि त्यांना फार लाजल्यासारखं झालं. तो वास त्यांच्या इतक्या दिवसांच्या सवयीचा झाला होता, की तो वास आहे हेच त्या विसरल्या होत्या.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि चिठ्ठी देऊन त्यांना दातांच्या डॉक्टर आरिफांकडे धाडलं. खाली वडिलांचं, गफ्फारभाईंचं, मोटार दुरुस्तीचं दुकान, वरच्या मजल्यावर लेकीचा दवाखाना. आरिफा तरुण, डोक्यावर ओढणी, बोलणं असं की जणू माहेरची पोरगी. तिनं पुंडलिकरावांच्या दाढेभोवती बारीक हत्यार फिरवलं आणि हिरडीखालून काहीतरी ओढून काढलं. कापसाच्या बोळ्यावर पुसून तिनं ते उजेडात धरलं. रक्तापुवानं भिजलेला, पिवळट पडलेला रुईचा पुंजका होता.

"काका, हे काय? तुम्ही कापूस खाता?"

पुंडलिकरावांनी आपलं काम सांगितलं. आरिफानं दुसऱ्या दाढेखालून आणखी एक पुंजका काढला. तिसरीखालून सरकीच्या टरफलाची कपची निघाली.

"दात घासता कसे?"

पुंडलिकरावांनी बायकोकडे पाहिलं. उत्तर मैनाबाईंनी दिलं. "आधी राख-मिठानं घासत होते, बाई. मंग हिरडीतून रक्त याले लागलं. सकायी पूजेले बसाचं, हरिपाठ म्हनाचा, अन् तोंडात रक्त. सोवळं कसं राहीन? म्हनून दोन वर्सं झाली, घासनं सोडलं. मी तुयशीचं पाणी देतो, थ्यानं चूळ भरतात."

सांगता सांगताच त्यांचा आवाज बारीक झाला. रोज पहाटे तुळशीपुढं उभं राहून, पानं मोडून, तांब्यात टाकून ते पाणी त्याच देत होत्या. देवासाठीच देत होत्या.

आरिफाला ते कळलं असावं. "काकू, वाईट वाटून घेऊ नका. आमच्याकडेही रोज्यात हेच करतात. रक्त गिळलं जाईल, रोजा तुटेल, म्हणून दाताला महिनाभर हात लावायचा नाही. खाली बसलेत ना आमचे अब्बा, तेच पहिले! मी डॉक्टर झाले तरी ते माझं ऐकत नव्हते." मग ती पुंडलिकरावांकडे वळली. "रक्त येतं म्हणून घासणं सोडायचं नसतं, काका. घासणं सोडलं म्हणून रक्त वाढलं."

"पण मी पायासाठी आलतो. दाताचं अन् पायाचं काय?"

"हिरडीनं दाताला घट्ट धरलेलं असतं. ती सुजली की सुटते आणि खाच पडते. खाचेत पू होतो, जंतू होतात. तुम्ही चावता तेव्हा ते जंतू रक्तात शिरतात, आणि रक्त तर सगळीकडे फिरतं. शरीर रात्रंदिवस त्यांच्याशी भांडतं. त्या भांडणात रक्तवाहिन्यांची आतली भिंतही सुजते, आणि सुजलेल्या भिंतीवर चरबीचा थर लवकर बसतो."

"म्हणजे दातानं पाय खाल्ला?"

"तसं एका दमात नाही म्हणता येत. तुमचं वय आहे, बीपी आहे, रक्तात चरबी आहे. पण ज्यांच्या हिरड्या अशा असतात, त्यांच्यात पायाच्या आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं दुखणं जास्त दिसतं. आधीच आग लागलीय, त्यात तेल कशाला ओतायचं? पाच दात पार हलतात. ते काढावे लागतील. बाकीचे मी वाचवते."

"कोणते पाच?"

आरिफानं आरसा धरून दाखवलं. त्यात उजवीकडची ती दाढ होती.

पुंडलिकराव खुर्चीवरून उठलेच. "हंगाम होऊ द्या."

"काका, हंगाम संपेपर्यंत..."

"दाढ गेली की डोये जातात. डोये गेले तर कापूस काय पाहू?"

"दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी. कोणाचे डोळे नाही जात, काका."

पण पुंडलिकराव जिना उतरू लागले होते. अर्ध्या जिन्यावर पाय धरून थांबले, तेव्हा गफ्फारभाईंनी खालून स्टूल आणून दिलं. मैनाबाई वर उभ्या राहून ते पाहत होत्या.

त्या दिवसापासून घरात अबोला नव्हता, पण बोलणंही सरळ नव्हतं.

"दात देतो म्हटलं ना. हंगाम सरल्यावर देतो."

"अन् पाय?"

"पाय देवाचा."

"अन् दात काय शेटजीचे?"

पुंडलिकरावांनी ताट पुढं सारलं. मग हळूच म्हणाले, "मैना, त्या दाढेशिवाय मी कोण? मले विचारते कोण? बंडीवाला माह्या तोंडाकडं पायतो. उद्या तोंड बोळकं झालं, की हा माणूस गेला, असंच समजतीन." मैनाबाईंनी ताट पुन्हा जवळ ओढलं. त्यांनी ताटात आणखी वरण वाढलं.

एक दिवस पुंडलिकराव डबा विसरून गेले. मैनाबाई मऊ खिचडीचा डबा घेऊन जिनिंगवर पोचल्या तेव्हा लोडशेडिंग सुरू होतं. यंत्रं थांबलेली. नेहमी घरघरणारं आवार इतकं शांत, की बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या. समोर रामधनची बंडी उभी होती. रामधन तांड्यावरचा बंजारा, मैनाबाईंना 'याडी' म्हणायचा, म्हणजे आई. त्यांना पाहून त्यानं लांबूनच हात जोडले.

पुंडलिकरावांनी बंडीत हात घातला, कापूस काढला, धागा ओढला. सरकी सोलून दाढेखाली धरली. मैनाबाईंनी पाहिलं, जबडा हलला, आणि तेवढ्यातच त्यांचे डोळे क्षणभर मिटले. गालाचं कातडं ओढलं गेलं. आवाज झाला नाही.

"ओला आहे," ते म्हणाले आणि सरकी थुंकून टाकली.

रामधनचं तोंड पडलं. "काका, घरात झोपाले जागा नाही ठेवली, असा पसरून वायवला." मग बैलाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, "पण तुमी म्हनता तर असन. तुमच्या दाताले खोटं कोन म्हनन?"

त्यानं भांडण केलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर मैनाबाई कदाचित डबा ठेवून निघून गेल्या असत्या. पण तो भरवसा त्यांच्यानं पाहवला नाही. त्यांनी कधी पुरुषांच्या बोलण्यात तोंड घातलं नव्हतं. त्या पुढं झाल्या, बंडीच्या पोटातून कापूस ओढला, एक सरकी सोलली आणि आपल्या दाढेखाली धरली.

कट्.

शांत आवारात तो आवाज वजनकाट्याजवळच्या माणसांपर्यंत गेला.

"आता काय बाया पारखतीन?" कोणीतरी हसलं.

मैनाबाई कोणाकडे पाहत नव्हत्या. फक्त नवऱ्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, "ज्वारीच्या लाहीसारखी फुटली जी."

पुंडलिकरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. बाईमाणसाला काय कळतं, असं म्हणायला एक क्षण लागला असता आणि सगळ्यांनी मानलंही असतं. मैनाबाईंनाही वाटलं, आता म्हणतील. मनातल्या मनात त्यांनी चिंतामणीचं नाव घेतलं, आणि काय मागावं तेच सुचेना.

पुंडलिकरावांनी आणखी एक सरकी सोलली आणि रामधनच्या हातावर ठेवली. "चाव."

कट्.

"माल कोरडा आहे," पुंडलिकराव मोठ्यानं म्हणाले. "दोष माह्या दाढेत आहे. दसऱ्यापासून मले सरकी चावता येत नाही. तोंडात धरतो अन् हाताच्या अंदाजानं सांगतो; यंत्राच्या घरघरीत कोणाले कयलं नाही. आज हातही चुकला."

गडबड ऐकून बाबुलाल शेटजी गादीवरून उठून आले. खर्र्याचा तोबरा एका गालात सारून त्यांनी विचारलं, "दसऱ्यापासून? मग इतक्या गाड्या घेतल्या, त्यांचं काय?"

"बहुतेक बरोबर असतीन, शेटजी. सगळ्या असतीन, असं माळेवर हात ठेवून नाही सांगत."

रामधनची बंडी काट्यावर गेली, पुरा भाव लागला. शेटजी वाईट माणूस नव्हते, पण धंदा धंद्याच्या जागी. त्यांनी पुंडलिकरावांना बाजूला नेलं आणि सांगितलं, उद्यापासून फाटकावर बसा, गाड्यांची नावं घ्या, पारख दुसरा करेल. तीस वर्षांची जागा अशी चार वाक्यांत गेली. पुंडलिकरावांनी उपरणं झटकलं, खांद्यावर टाकलं. पुढं कितीतरी दिवस जेवताना त्यांचा घास हातात राहायचा. आपण कोणाकोणाला ओला म्हटलं, ते आठवायचे. आठवलं की म्हणायचे, "त्याचा कापूस कोरडाच असन, मैना." मैनाबाई म्हणायच्या, "देव पायते." दुसरं काय म्हणणार?

पण त्या दिवशी आवारातून बाहेर पडताना पुंडलिकरावांनी पहिला प्रश्न केला तो हा: "यवतमायची यष्टी किती वाजता आहे?"

आरिफानं डॉक्टर चंद्रशेखरांना फोन करून रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं विचारून घेतलं आणि एकेक करत पाचही दात काढले. शेवटचा दात, म्हणजे ती उजवी दाढ, फार सोपा निघाला. बिचारा कधीचाच सुटलेला होता. जखमेवर कापसाचा बोळा ठेवून ती म्हणाली, "काका, घट्ट चावून धरा. बोलायचं नाही." पुंडलिकरावांनी बोळा धरला. जिभेनं इकडून तिकडून चाचपला, कपाळाला आठी घातली, आणि मैनाबाईंकडे पाहून नाराजीनं मान हलवली. माल त्यांना पसंत नव्हता. मैनाबाईंना इतकं हसू आलं, की पदर तोंडाला लावून त्या जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या, आणि तिथं मग थोडं रडूही आलं.

उरलेल्या दातांची हिरडीखालून सफाई झाली. दात घासायला मऊ ब्रश आला. आधी घासायचं, तोंड स्वच्छ होईपर्यंत चुळा भरायच्या, मग आंघोळ, मग पूजा, असा नवा क्रम मैनाबाईंनी लावून दिला. सुरुवातीला रक्त यायचं. पुंडलिकराव घाबरून ब्रश ठेवून द्यायचे. मैनाबाई म्हणायच्या, "घासा जी. देवाले मी सांगतो." हळूहळू रक्त थांबलं. मोरीतलं पाणी स्वच्छ दिसू लागलं, त्या सकाळी त्यांनी दुर्वांची जुडी जरा मोठीच वाहिली.

पाय मात्र पुरता सुधारला नाही. डॉक्टर म्हणाले, दुखेपर्यंत चाला, थांबा, पुन्हा चाला, आणि गोळ्या जन्मभर घ्या. पुंडलिकराव चालायचे. थांबायच्या जागा हळूहळू लांब गेल्या, एवढंच. डोळे होते तसेच राहिले. सुईत दोरा अजून तेच ओवून द्यायचे.

जिनिंगमध्ये ओल मोजायचं यंत्र आलं. पुंडलिकराव फाटकावर बसून नावं घेत आणि बंडीवाल्यांना खाली उतरवून म्हणत, "आ कर." लोकांना आधी गंमत वाटली. मग सवय झाली. कोणाच्या हिरडीतून रक्त येतं, कोणाचा दात हलतो, ते पाहून हा माणूस त्याला यवतमाळच्या दवाखान्याचा पत्ता सांगे आणि तोंडातला खर्रा तिथेच थुंकायला लावी. रामधननं थुंकला. कधी कधी तो पुन्हा खायचाही, पण फाटकाच्या आत कधी नाही.

एकदा मैनाबाई डबा घेऊन आल्या तेव्हा शेटजी फाटकाशी उभे होते. इकडेतिकडे पाहून, कोणी बघत नाही अशी खात्री करून, त्यांनी तोंड उघडलं. पुंडलिकराव उठले, शेटजींची हनुवटी धरून उजेडाकडे केली आणि सावकाश, आतपर्यंत पाहिलं.

"शेटजी, उद्याची पहिली यष्टी धरा."

"कशाला? दुखत तर काहीच नाही."

"पयले मलेही दुखत नव्हतं," पुंडलिकराव म्हणाले.